गाईड पथकाला कॅप्टन हवी

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निळ्या गणवेशातल्या, गळ्यात स्कार्फ बांधलेल्या मुलींची रांग दिसत नाही असे तालुक्याचे ठिकाण महाराष्ट्रात विरळाच. कब-बुलबुल, स्काऊट-गाईड ही नावे शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असतात. पण २७ जानेवारीपासून त्या मुली काय करतात, असे विचारले तर पुष्कळ शाळांकडे सांगण्याजोगे फारसे नसते. गणवेश कपाटात जातो, नोंदणी शुल्काची पावती फाईलला लागते आणि ज्या बाईंच्या गळ्यात गाईडचे काम पडलेले असते त्या पुन्हा आपल्या वर्गाच्या नोंदवह्या भरायला बसतात. मुलींची अशी संघटना असावी की नसावी, यावर आपल्याकडे वाद होत नाही. ती कुठे तरी आहे, चालू आहे, एवढे गृहीत धरून सगळे निवांत असतात. माझे म्हणणे असे की आज बऱ्याच ठिकाणी ती कागदावर चालू आहे, ती खरोखर चालवण्याजोगी आहे, आणि त्यासाठी सरकारच्या आणखी एका योजनेपेक्षा शाळेबाहेरच्या मोठ्या बायकांनी आठवड्यातले दोन तास देण्याची गरज जास्त आहे.

या चळवळीचा उगमच मुळी मुलींच्या आगाऊपणात आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली कुणी न बोलावता गणवेशासारखे कपडे करून हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. पुढच्याच वर्षी स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्या हाती मुलींची वेगळी संघटना सोपवली. आज तिच्या जागतिक महासंघात दीडशेहून अधिक देश आहेत. एवढ्या पसाऱ्यात टिकून राहिलेली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिची संघपद्धती. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्यातलीच एक संघनायिका, आणि असे तीन-चार संघ मिळून एक पथक. पुढच्या महिन्यात काय करायचे, शिबिराला कुठे जायचे, वर्गणीचे पैसे कशावर घालायचे, कुणाचे चुकले तर काय करायचे, हे संघनायिकांच्या बैठकीत ठरते. पथकाची कॅप्टन त्या बैठकीला असते, पण निर्णय तिने घ्यायचा नसतो. गाठी मारणे, तंबू ठोकणे, माग काढणे, प्रथमोपचार हे सगळे या बैठकीसाठी निमित्त आहे म्हटले तरी चालेल. तेरा वर्षांच्या मुलीला सात जणींचे काम वाटून द्यावे लागते, तेव्हा ती जे शिकते त्याला पाठ्यपुस्तक नाही.

आपल्याकडे याची निकड का आहे, ते पाहण्यासाठी लांब जायला नको. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना पन्नास टक्के आरक्षण आहे. म्हणजे आज सातवी-आठवीत बसलेल्या मुलींपैकी हजारो जणी पुढे केव्हा ना केव्हा सरपंच, पंचायत समितीच्या सदस्य, नगरसेविका होणार आहेत. त्या खुर्चीवर बसेपर्यंत त्यांच्यापैकी किती जणींनी कधी बैठक चालवलेली असेल? विरोधात बोलणाऱ्याला शांतपणे ऐकून घेऊन मग मत मोजलेले असेल? हिशेब मांडून 'एवढे पैसे उरले, एवढे बुडाले' असे चार जणांसमोर सांगितलेले असेल? सरपंचबाईंऐवजी त्यांचे यजमान ग्रामसभेत बोलतात, याची चेष्टा आपण आवडीने करतो. पण वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा अध्यक्षपद हाती आलेल्या बाईने लगेच सराईतपणे सभा चालवावी, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या फेरीत असे दिसले की देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या जेमतेम ४२ टक्के स्त्रियांना बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मोकळीक आहे. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झालेले होते. पाचातल्या एकीहून जास्त. निर्णय घेण्याची सवय लागायचे जे वय, त्याच वयात पुष्कळ मुलींचे निर्णय दुसरेच घेत असतात.

गाईड पथकात गेल्याने हे सगळे पालटेल असा दावा कुणी केला तर तो हसण्यावारी न्यावा. पुरावा आहे तो जपून वापरण्याजोगा. एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या सुमारे दहा हजार जणांची आयुष्यभराची माहिती तिथे नोंदलेली आहे. त्यांच्यापैकी जे लहानपणी स्काऊट किंवा गाईड होते, त्यांना पन्नाशीत चिंताविकार किंवा मनःस्थितीचे विकार असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसली. गरीब घरातून आलेल्यांना सहसा जो जास्त त्रास होतो, तो फरकही या गटात जवळपास पुसला गेला होता. यावर लगेच शंका येते, आणि ती रास्तच आहे, की मुळात ज्या घरांत मुलांकडे लक्ष दिले जाते तीच घरे मुलांना स्काऊटमध्ये घालत असतील. संशोधकांनी घरची परिस्थिती हिशेबात धरली होती, तरी असा अभ्यास कार्यकारणाची शंभर टक्के हमी देत नाही. मला त्याहून जवळचा पुरावा वाटतो तो बंगालमधला. बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास २०१२ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. ज्या गावांत सरपंचपद दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी सुमारे ३२ टक्क्यांनी घटली, शिक्षणातली दरी मिटली आणि मुलींच्या वाट्याची घरकामाची वेळही कमी झाली. तिथे मुलींसाठी वेगळा वर्ग भरवलेला नव्हता. गावातलीच एक बाई कारभार करते, हे त्यांना रोज दिसत होते, एवढेच. मोठ्या बाईचे नुसते डोळ्यांसमोर असणे जर इतके काम करत असेल, तर दर आठवड्याला समोर उभी राहून 'हे तू ठरव' म्हणणारी बाई किती करील?

आता आपल्याकडची एक गोष्ट जरा जवळून पाहू. 'खरी कमाई' हा स्काऊट-गाईडचा उपक्रम महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये चांगला रुजलेला आहे. मुलांनी स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवायचे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याची खाऊगल्ली होते. आदल्या रात्री आई बटाटे उकडते, सकाळी वडे तळून डब्यात भरते, वडील रिक्षाने ते शाळेच्या पटांगणात आणून देतात. मुलगी टेबलामागे उभी राहते, पैसे शेजारी बसलेल्या बाई घेतात, पाहुणे एक वडा खाऊन कौतुक करतात, फोटो निघतो. कमाई झाली ती आईची. आता हाच दिवस संघपद्धतीने घ्यायचा म्हटला तर काय होईल? आठवडाभर आधी सात मुली बसतील. भेळ करायची की सरबत, यावर भांडण होईल. सरबताला बर्फ लागतो, तो आणायचा कुठून? कुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच यांचे भाव बाजारात जाऊन विचारावे लागतील, म्हणजे कुणाला तरी एकटीने किंवा दोघींनी बाजारात जावे लागेल. प्लेटची किंमत किती ठेवायची? दहा ठेवली तर सुटे पैसे लागत नाहीत, पण कांदा महागला असेल तर तोटा. दुपारी दोन वाजता निम्मी भेळ उरलेली असताना भाव उतरवायचा की थांबायचे, हे कोण ठरवणार? संध्याकाळी चाळीस रुपये कमी भरले तर ते कुणाच्या हातून गेले, हा प्रश्न मैत्री न तोडता कसा विचारायचा? हे सगळे मुलींनी निस्तरायचे आणि कॅप्टनने, तोंडात मिठाची गुळणी धरून, फक्त हजर राहायचे. हे अवघड आहे. सव्वा तासात कार्यक्रम उरकायचा असेल तर आईचे वडेच सोपे.

इथेच खरे घोडे पेंड खाते. मुलींना चुका करू देण्यासाठी वेळ लागतो, आणि ज्यांच्यावर हे काम टाकले आहे त्या शिक्षिकेकडे नेमका तोच नसतो. गाईड कॅप्टन व्हायला प्रशिक्षण आहे: बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स, पुढे हिमालय वुड बॅज. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्या राज्यात भोरला आहे. ते घेऊन आलेल्या हौशी शिक्षिका आहेत आणि त्यांनी उत्तम पथके उभी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात पथक चालवायचे, म्हणजे बाईंच्या हौसेवर सगळा डोलारा. बाईंची बदली झाली की पथक बसले. शिवाय वर्गात जिच्या हाती गुणपत्रिका आहे तीच शनिवारी 'मी इथे फक्त मदतनीस' असे म्हणाली, तरी मुलींना ते खरे कसे वाटावे? म्हणून शाळेला न बांधलेली, वस्तीत, सोसायटीत, वाचनालयाच्या अंगणात भरणारी पथके हवीत. संघटनेच्या नियमांत अशा 'ओपन' पथकांना जागा आहे. तिथे निवृत्त परिचारिका, बँकेतली अधिकारी, एसटीची वाहक, गृहिणी, महाविद्यालयातली रेंजर, म्हणजे वयाने मोठी झालेली गाईड, कुणीही प्रशिक्षण घेऊन उभी राहू शकते.

यातला विरोधाभास पुण्यात चांगलाच दिसतो. गाईड चळवळीची जगात पाच जागतिक केंद्रे आहेत आणि त्यांतले एक, 'संगम', आळंदी रस्त्यावर १९६६ पासून उभे आहे. बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ऑलेव्ह स्वतः त्याच्या उद्घाटनाला आल्या होत्या. देशोदेशींच्या तरुण मुली आणि प्रौढ बायका तिथे येऊन राहतात, पुण्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करतात. जगभरच्या बायकांना स्वयंसेवेसाठी पुणे गाठावेसे वाटते, आणि पुण्यातल्याच किती सुशिक्षित घरांना ते केंद्र आपल्या शहरात असल्याची कल्पना आहे, हा प्रश्न जरा अडचणीचा आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. बायकांनी आणखी एक बिनपगारी काम करावे, असेच हे सांगणे नव्हे का? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी त्यात सरासरी २९९ मिनिटे जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे आढळले. शिवाय घरकामात हात घालणारे पुरुषच मुळात चारातले एक. अशा बाईला 'समाजासाठी दोन तास काढा' म्हणणे हा निर्दयपणा ठरू शकतो. हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच स्वयंसेवेच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याला आधीच पायबंद घालायला हवा. कॅप्टनचा प्रवासखर्च, शिबिराचा खर्च, प्रशिक्षणाचे शुल्क तिच्या पर्समधून जाता कामा नये. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करण्याची तरतूद आपल्याकडे आहेच. त्यात गावातल्या पथकाचे तंबू आणि दोऱ्या सहज बसतात. नोंदणी, पत्रव्यवहार, हिशेबतपासणी, सामानाची ने-आण ही कामे पुरुषांनी करावीत. मुलींच्या संघटनेत त्यांना अडवलेले नाही, फक्त पथकाचे नेतृत्व बाईकडे असते. आणि शनिवारी संध्याकाळी कॅप्टन पटांगणावर असताना घरी कुकर कुणी तरी लावायला हवा. ते होत नसेल तर तिने नकार द्यावा, त्यात काही गैर नाही. पण दिवसाच्या या २९९ मिनिटांत आठवड्याला आणखी १२० मिनिटांची भर, असा सरळ हिशेब मांडणेही चुकीचे होईल. घराच्या चार भिंतींत जाणारा वेळ आणि चोवीस मुलींच्या कारभारावर नजर ठेवत मैदानात घालवलेला वेळ यांची जात वेगळी. बचतगटाच्या बैठकीलाही बाईचा वेळ जातोच. तरी त्या बैठकीसाठी घरातून बाहेर पडण्याचा हक्क तिने मिळवला, तो सोडायला ती तयार होत नाही, हे गावोगाव दिसते.

बचतगटाचा विषय निघाला म्हणून दुसरा आक्षेपही घेऊ: मुलींसाठी वेगळे कशाला, मुलेमुली एकत्रच वाढू द्यावीत. महाराष्ट्राला याचे वावडे नाही. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एका शाखेवर, एका कलापथकात आणले आणि त्या काळच्या मानाने ते धाडसच होते. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने २००७ पर्यंत आपल्या सगळ्या पथकांची दारे मुलींना उघडली आणि अमेरिकेतही तेच झाले. एकत्र पथके असावीत, भरपूर असावीत. पण दहा ते सोळा या वयात मिश्र गटाच्या शिबिरात तंबूचे खुंटे कोण ठोकते आणि पोहे कोण करते, हे मुद्दाम लक्ष ठेवल्याशिवाय बदलत नाही. सगळ्या मुलीच असल्या की खुंटे ठोकायला दुसरे कुणी नसते. पाळी आलेली मुलगी दोन रात्रींच्या शिबिराला येईल की घरी बसेल, हेही बहुतेक वेळा शिबिराची प्रमुख बाई आहे की नाही यावर ठरते. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला तोही अशाच निकडीतून. जिथे कुणाकडे न पाहता बोलता येईल अशी जागा बायकांना हवी होती. ती जागा एकदा मिळाली की बाहेरच्या जगाशी वागायला बळ येते, असा आपला अनुभव आहे.

वसाहतीच्या वारशाबद्दलचा आक्षेप लवकर मान्य करून टाकावा. १९१२ साली आलेल्या गाईडांच्या पहिल्या हस्तपुस्तिकेच्या उपशीर्षकातच साम्राज्य उभारायला मुली कशी मदत करू शकतात, असे होते. जबलपूरला १९११ मध्ये हिंदुस्थानातले पहिले पथक निघाले तेव्हा त्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींचीच सोय होती; भारतीय मुलींना आत यायला काही वर्षे लागली. पण ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी हे साहित्य उचलून आपले करून घेतले. १९५० मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्र संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही तीत आल्या. रेल्वे, टपाल, क्रिकेट आपण सोडले नाही. मला खटकते ते वेगळेच. गणवेशाची इस्त्री, रांगेतली शिस्त, सलामीचा कोन यांवर आपण जो भर देतो तो मूळ पद्धतीतही इतका नव्हता. तो आपला स्वतःचा आहे, आणि त्याचे खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र असा चटकन हातावेगळा करण्यासारखा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने भरवलेल्या बनावट शिबिरात मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्या लोकांचा एनसीसीशी संबंधच नव्हता, आणि शाळेने ते तपासलेही नव्हते. यावरून 'मुलीला शिबिराला पाठवायचेच नाही' असा निष्कर्ष काढणे पालकांना सोपे जाते. तो काढला की शिक्षा मुलीलाच होते. याचा उपाय तपासणीत आहे. पथकाची जिल्हा कार्यालयातली नोंदणी पालकांनी मागून पाहावी. कॅप्टनकडे संघटनेचे नेमणूकपत्र आहे का, ते विचारावे. मुक्कामाच्या शिबिराला किमान दोन प्रौढ स्त्रिया असाव्यात आणि एका प्रौढाने एका मुलीबरोबर एकांतात राहू नये. शिबिराच्या मधल्या कोणत्याही वेळी पालकांना न कळवता येऊन पाहता यावे. यांपैकी एकाही प्रश्नाला आयोजक कपाळाला आठ्या घालत असतील, तर मुलीचे नाव काढून घ्यावे. आणि दोन प्रौढ स्त्रियांचा नियम पाळायचा तर त्या दोघी आणायच्या कुठून, या प्रश्नापाशी आपण पुन्हा येतो. मोठ्या बायका पुरेशा नसल्या की पहिली तडजोड सुरक्षिततेतच होते.

राहिला तो गुणांचा मुद्दा. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार आणि त्यापोटी दहावीला मिळणारे वाढीव गुण, हे आमिष काढून टाका असे म्हणण्याचे धाडस कुणी करत नाही, कारण नोंदणी घसरेल ही भीती. घसरू दे. प्रमाणपत्रासाठी नववीत उगवणाऱ्या आणि दहावीनंतर मावळणाऱ्या पन्नास मुलींपेक्षा पाचवीपासून टिकून राहिलेल्या चोवीस जणी बऱ्या. त्यांतल्या दोघी-तिघी पुढे रेंजर होतात आणि पंचविशीच्या आत स्वतः पथक हाती घेऊ शकतात. बाहेरून कॅप्टन शोधायची वेळ मग हळूहळू कमी येते. जिल्हा कार्यालयांनी दर जूनमध्ये शाळांकडून नोंदणीचे आकडे मागवण्याबरोबर एक साधी यादी जाहीर करावी: कोणत्या वस्तीत मुली आहेत पण कॅप्टन नाही. ती वर्तमानपत्रांत छापायला जागा मिळेल. नावे द्यायला बायका पुढे येतात की नाही, ते मग कळेल. आज त्यांना कुणी विचारलेलेच नाही.